आजीची हाक आणि उघड्या कानांचे इअरबड्स

मित्रमैत्रिणींनो, एक प्रश्न विचारतो. खरं खरं उत्तर द्या हं! आईने तुम्हाला तीनदा हाक मारली. चौथ्या वेळी ती खोलीत आली, तुमच्या कानातला इअरबड तिने काढला, आणि तुम्ही वर तिलाच म्हणालात, "अगं, हाक मारायचीस ना!" असं तुमच्याकडे झालंय की नाही?

आमच्याकडे तर आठवड्यातून चारदा होत होतं. आम्ही हसून सोडून देत होतो. पण गेल्या पावसाळ्यात जे झालं, ते काही हसून सोडून देण्यासारखं नव्हतं.

आम्ही डोंबिवलीला राहतो. त्या दुपारी घरात दोघंच होती. नववीतला आमचा तन्मय आणि त्याची आजी, म्हणजे माझी आई. आजी बाथरूममध्ये गेली. पावसाळ्यात लाकडी दारं कशी फुगतात, ठाऊक आहे ना? दार जे घट्ट बसलं, ते तिला आतून ओढता येईना. आजीचे गुडघे दुखरे, हातात फारसा जोर नाही. तिने हाक मारली, "तन्मय! अरे तन्मय!"

तन्मय होता कुठे? दहा पावलांवर, शेजारच्या खोलीत. बीजगणिताची उदाहरणं सोडवत होता आणि कानात होते घट्ट बसणारे, रबरी टोप्यांचे इअरबड्स. नाव तन्मय, आणि झालाही होता अगदी तन्मय!

हाका ऐकल्या त्या शेजारच्या काकूंनी, बाथरूमच्या खिडकीतून. त्या धावत आमच्या दाराशी आल्या. बेल वाजवली. पुन्हा वाजवली. दार ठोठावलं. छे! शेवटी त्यांना सुचलं आणि त्यांनी तन्मयला फोन लावला. आता गंमत पाहा, तो फोन मात्र थेट त्याच्या कानात वाजला! "अरे, तुझी आजी अडकलीय आत!"

बाहेरून एक जोराचा धक्का, आणि दार उघडलं. आजीला काही झालं नव्हतं. पण ती पंधरा-वीस मिनिटं आत उभी होती. तन्मयला ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मला वाटलं, तू खाली खेळायला गेलास. मग मी हाका मारणंच थांबवलं रे."

तन्मय त्या रात्री नीट जेवला नाही.

घरातलं कोर्ट

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कोर्ट भरलं. मुलांची आई म्हणाली, "आजपासून कानात काहीही घालायचं नाही." तन्मयचं म्हणणं, "माझे निम्मे धडे फोनवर असतात. मोठ्याने लावले की तुम्हालाच त्रास." तेही खोटं नव्हतं. दोन खोल्यांच्या घरात एकाचा धडा म्हणजे सगळ्यांचा धडा!

तेव्हा सहावीतली मुक्ता म्हणाली, "बाबा, माझ्या मैत्रिणीच्या ताईकडे वेगळेच इअरबड्स आहेत. ते कानात जातच नाहीत. कानाला नुसते लटकतात. तिला सगळं ऐकू येतं, आपणसुद्धा आणि गाणंसुद्धा!"

असं असतं का खरंच? की नुसतीच जाहिरात? मी चौकशी केली. महागड्यांच्या किमती दहा-वीस हजारांच्या घरात. पण दीड-दोन हजारांतही आता असे बड्स मिळतात. तन्मयने ओवाळणीच्या पैशांतून हजार रुपये काढले, उरलेले मी घातले. मात्र एक अट. तीन आठवडे आम्ही त्यांची परीक्षा घेणार. पास झाले तर ठेवायचे, नाहीतर आईचं म्हणणं खरं! मुक्ताने लगेच वहीचा कागद फाडून प्रगतिपुस्तक तयार केलं आणि फ्रीजवर चिकटवलं.

हे आहे तरी काय?

आधी थोडी ओळख करून घेऊ. नेहमीच्या इअरबडला पुढे मऊ रबरी टोपी असते. बाटलीला बूच बसावं तशी ती कानाच्या भोकात बसते. त्यामुळे आतला आवाज बाहेर जात नाही आणि बाहेरचा आत येत नाही.

उघड्या कानांच्या बड्सना हे बूचच नसतं. त्यांत मुख्यतः तीन प्रकार दिसतात. पहिला, आकड्याचा. कानामागून चष्म्याच्या काडीसारखा एक आकडा जातो आणि छोटासा स्पीकर कानाच्या भोकासमोर तरंगत राहतो. दुसरा, चिमट्याचा. कर्णभूषणासारखा तो कानाच्या कडेला अडकवायचा. तिसऱ्या प्रकारात बडला मधोमध चक्क भोकच असतं! सोनी कंपनीने २०२२ साली असे बड्स काढले होते. स्पीकर बांगडीसारखा गोल आणि मधून बाहेरचा आवाज थेट कानात.

आता तुमच्यातले हुशार विचारतील, "स्पीकर उघड्यावर असेल तर आवाज सगळ्या खोलीला नाही का ऐकू जाणार?" छान प्रश्न! त्यावर एक युक्ती केलेली असते. स्पीकरचा पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच वेळी मागची हवा विरळ होते. म्हणजे पडद्याच्या मागून निघणारा आवाज पुढच्याच्या अगदी उलटा असतो. चांगल्या बड्समध्ये हा मागचा आवाजही बारीक छिद्रांतून मुद्दाम बाहेर सोडतात. तुमचा कान पुढच्या छिद्राच्या अगदी जवळ असतो, म्हणून तुम्हाला गाणं ऐकू येतं. पण थोडं लांब गेलं की सुलटा आणि उलटा असे दोन्ही आवाज एकमेकांना बरेचसे खोडून टाकतात. अधिक पाच आणि उणे पाच मिळून शून्य, तसंच!

हाडांनी ऐकायचं?

इथे एक घोटाळा नेहमी होतो. उघड्या कानांचे म्हणजे हाडांतून ऐकवणारे, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. हाडांतून ऐकवणारं यंत्र वेगळं असतं. ते कानापुढच्या हाडावर टेकतं आणि थरथरतं. ती थरथर कवटीच्या हाडांतून कानाच्या आतल्या भागात पोचते. कानाच्या पडद्याचं काम पडतच नाही. याच तत्त्वावर बनवलेलं श्रवणयंत्र हाडात बसवायला स्वीडनमधल्या डॉक्टरांनी १९७७ साली सुरुवात केली. ज्यांच्या कानाच्या बाहेरच्या किंवा मधल्या भागात दोष आहे, अशांना त्याचा फार उपयोग होतो.

हाडांतून तर आपण सगळेच रोज ऐकतो, बरं का! स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकला की तो परक्यासारखा वाटतो ना? कारण एरवी आपला आवाज आपल्याला हवेतूनही येतो आणि हाडांतूनही. रेकॉर्डिंगमध्ये हाडांतला वाटा नसतो.

आता एक मजेदार प्रयोग. मीटरभर दोऱ्याच्या मधोमध स्टीलचा मोठा चमचा बांधा. दोऱ्याची दोन टोकं दोन तर्जनींना गुंडाळा आणि बोटं हळूच कानांच्या तोंडाशी लावा. थोडं पुढे वाका, चमचा लोंबकळू द्या आणि मित्राला तो टेबलाच्या कडेवर आपटायला सांगा. त्याला ऐकू येईल नुसतं 'टिंग'. तुम्हाला मात्र देवळातल्या मोठ्या घंटेचा घुमणारा नाद! हवेपेक्षा दोरा, बोट, हाड या घन वस्तूंतून तो नाद कितीतरी छान पोचतो.

दुकानातही एक युक्ती उपयोगी पडेल. काही स्वस्त खोक्यांवर 'हाडांतून ऐकवणारे' असं लिहिलेलं असतं आणि आत असतो साधाच स्पीकर! तेव्हा यंत्र लावून गाणं सुरू करा आणि दोन्ही कानांची भोकं बोटांनी बंद करा. आवाज जवळजवळ नाहीसा झाला तर तो साधा स्पीकर. आवाज तसाच राहिला किंवा वाढला तर खरंच हाडांतून. आमचे बड्स साधे स्पीकरवालेच होते. त्यांच्या खोक्यावर तसंच लिहिलं होतं, हे बरं.

पहिली परीक्षा : आजीची हाक

तन्मय नेहमीच्या जागी बसला. कानात एक धडा चालू. आजी स्वयंपाकघरात गेली आणि साध्या आवाजात म्हणाली, "तन्मय, पाणी आण रे."

"आलो, आजी!"

मग बाथरूमच्या बंद दाराआडून हाक. ऐकू आली. दाराची बेल. ऐकू आली. कुकरच्या शिट्ट्या तन्मयने मोजायच्या होत्या. बरोबर चार मोजल्या. पूर्वी हेच काम दिलं होतं, तेव्हा आम्ही करपलेली खिचडी खाल्ली होती!

आणखी एक फायदा तन्मयच्या लक्षात आला. बूच लावलेल्या कानांनी बोललं की आपलाच आवाज डोक्यात घुमतो. कानांत बोटं घालून कुरमुरे खाऊन पाहा, म्हणजे कळेल. केवढा तो कुरुमकुरुम! उघड्या बड्समध्ये तसं होत नाही. तासभर लावूनही कान दुखला नाही, की आत घाम साचला नाही.

मुक्ताने लिहिलं : दहापैकी नऊ. एक गुण का कापला? तर पंख्याखाली बसल्यावर धड्यातल्या बाईंचे काही शब्द निसटत होते.

दुसरी परीक्षा : गुपित

तन्मयला सोफ्यावर बसवलं आणि मुक्ता त्याच्या शेजारी पुस्तक घेऊन बसली. आवाज निम्म्यावर असताना तिला अगदी बारीक चुकचुक ऐकू येत होती, शब्द कळत नव्हते. आवाज वाढवला तसे शब्द कळायला लागले. "दादा, तुझा मित्र तुला ढब्बू म्हणतो!" असं तिने जाहीर केलं, तेव्हा परीक्षा तिथेच थांबली.

तेव्हा लक्षात ठेवा, शांत खोलीत, वाचनालयात किंवा दवाखान्यात या बड्सवर गुपितं ऐकायची नाहीत. आवाज उलटसुलट होऊन बराचसा खोडला जातो, सगळा नाही. गुण : दहापैकी पाच.

तिसरी परीक्षा : गाणं कसं वाजतं?

इथे आजी परीक्षक. तिला नाट्यसंगीत आवडतं. तिने डोळे मिटून दोन पदं ऐकली आणि म्हणाली, "गाणाऱ्याचा गळा स्वच्छ ऐकू येतो. पण तबलजीचा डग्गा कुठे गेला?"

आजीचा कान पक्का आहे बरं! जाड, खर्जातले आवाज कानात साठून राहायला कान बंद असावा लागतो. उघड्या कानात ते बाहेर विरून जातात. त्यामुळे बोलणं, गोष्टी, बातम्या, धडे यांना हे बड्स उत्तम. ढोल-ताशाला मात्र नाहीत. गुण : सहा.

आजीने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. चष्मा लावणाऱ्यांच्या कानामागे आधीच एक काडी असते. त्यात हा आकडा! दोन्हींची भांडणं होतात. चष्मा असेल तर चिमट्याचा प्रकार लावून बघा.

चौथी परीक्षा : रस्ता

ही खरी महत्त्वाची. आमच्याकडचे रस्ते तुम्हाला सांगायला नकोत. फुटपाथवर भाजीवाले, रस्त्यात रिक्षा आणि मधून आपण. तन्मय पुढे चालत होता, मी पाच पावलं मागे.

आपल्याला दोन कान का असतात, याचा कधी विचार केलाय? आवाज एका सेकंदात सुमारे ३४३ मीटर जातो. उजवीकडून हॉर्न वाजला, तर तो उजव्या कानात आधी पोचतो आणि डाव्या कानात सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळाने नंतर. एवढासा फरक, पण मेंदू तो टिपतो आणि क्षणात सांगतो, "गाडी उजवीकडून येतेय!" कानांत बुचं घातली की बाहेरचे आवाज दबतात आणि मेंदूचं हे गणित बिघडतं. उघड्या बड्समध्ये ते चालू राहतं. मागून रिक्षा आली तेव्हा तन्मय न वळताच बरोबर बाजूला झाला. मी मनात म्हटलं, वा!

पण परतताना त्याने क्रिकेटच्या सामन्याचं वर्णन लावलं. शेवटचं षटक चाललं होतं. मागून एक सायकलवाला घंटी वाजवत आला. मला पाच पावलं मागेही ती घंटी स्पष्ट ऐकू आली. तन्मय ढिम्म! सायकलवाल्याने ब्रेक दाबला आणि चार शब्द सुनावले, तेव्हा कुठे साहेब भानावर आले.

"ऐकू आली नाही का रे घंटी?"

"आली असेल बाबा. पण... लक्षात नाही आली."

पाहिलंत? कान उघडा होता. घंटी आतपर्यंत गेलीही असणार. पण लक्ष मैदानावर होतं! मेंदूला एका वेळी सगळीकडे सारखं लक्ष देता येत नाही. बड्स कितीही उघडे असले, तरी तुमचं लक्ष ते उघडं ठेवू शकत नाहीत. हे कोणत्याही खोक्यावर लिहिलेलं नसतं.

शिवाय आता रस्त्यावर विजेवर चालणाऱ्या गाड्या वाढल्या आहेत. त्या हळू जात असताना इतका कमी आवाज करतात, की उघड्या कानांनाही पटकन कळत नाहीत.

म्हणून घरी येऊन आम्ही नियम केला. रस्ता ओलांडताना, सायकल चालवताना, रेल्वेच्या फलाटावर आणि रुळांच्या जवळपास कुठेही कानाला काहीही लावायचं नाही. उघडं नाही, बंद नाही. बड्स डबीत, डबी दप्तरात. या परीक्षेत बड्सना सात गुण, आणि तन्मयला शून्य! शून्य मुक्ताने लाल शाईने लिहिलं.

पाचवी परीक्षा : लोकल

शनिवारी मी आणि तन्मय डोंबिवलीहून ठाण्याला निघालो. मुद्दाम धीमी गाडी घेतली. फोन तन्मयच्या हातात, आणि त्याने एक गोष्ट लावलेली. घरी त्याला आवाज चाळीस टक्क्यांवर पुरायचा. कोपर येईतो तो साठवर गेला. मुंब्र्याला पंच्याहत्तर. कळवा सोडून गाडी खाडीच्या पुलावर आली, खडखडाट वाढला, आणि मी डोकावून पाहिलं तर नव्वद! तन्मयला स्वतःला कळलंही नव्हतं, की त्याचं बोट हळूहळू वर सरकत होतं.

हाच उघड्या बड्सचा सगळ्यांत मोठा दोष. बाहेरचा गोंगाट ते अडवत नाहीत. मग गोंगाटापेक्षा मोठं व्हायचं, तर आवाज वाढवायलाच हवा. आणि याची किंमत कोण देतं? आपले कान.

आपल्या कानाच्या अगदी आत, गोगलगाईच्या शंखासारखा गुंडाळलेला एक वाटाण्याएवढा भाग असतो. त्यात सुमारे १५ हजार केसाळ पेशी असतात. आवाजाच्या लहरींनी त्यांवरचे सूक्ष्म केस डोलतात आणि मेंदूला निरोप जातो. वाऱ्याने भाताचं शेत डोलावं, तसंच. पण वादळात रोपं आडवी होतात ना? तशा फार मोठ्या आवाजाने किंवा फार वेळ चाललेल्या आवाजाने या पेशी मरतात. आणि भाताची पुन्हा लावणी करता येते, या पेशींची नाही. माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत.

आवाज मोजतात डेसिबलमध्ये. कुजबुज साधारण ३०, साधं बोलणं ६०, भरगर्दीचा रस्ता ८० च्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी सांगितलेली मर्यादा आहे ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास. मोठ्यांसाठी ८० डेसिबल, ४० तास. आता यातली खोच पाहा. दर ३ डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दुप्पट होते. म्हणून वेळ निम्मी करायची. ७५ ला ४० तास, तर ७८ ला २० तास, ८१ ला १० तास, ८४ ला ५ आणि ८७ ला फक्त अडीच तास! आणि हे सगळं अख्ख्या आठवड्याचं, बरं का! खाऊच्या पैशांसारखं आहे हे. मोठी खरेदी केली की पैसे लवकर संपतात. फरक एवढाच, की इथे उधारी मिळत नाही.

संघटनेचाच अंदाज आहे, की जगातल्या १०० कोटींहून जास्त तरुणांना चुकीच्या ऐकण्याच्या सवयींमुळे बहिरेपणाचा धोका आहे. म्हणून दरवर्षी ३ मार्चला जागतिक श्रवण दिन पाळतात. त्यांचा एक सोपा सल्ला लक्षात ठेवा. फोनवरचा आवाज साठ टक्क्यांच्या वर नेऊ नका. आणि गाणं बंद केल्यावर कानात 'कुंई' असं वाजत राहिलं किंवा आवाज दबल्यासारखे वाटले, तर समजा, कान सांगतोय, "आता पुरे!" ते थांबलं नाही तर कानाच्या डॉक्टरांकडे जा.

मग लोकलमध्ये काय करायचं? खरं सांगायचं तर तिथे बूचवाले बड्स हळू आवाजात ऐकणं हे उघडे बड्स मोठ्याने ऐकण्यापेक्षा कानांना बरं. पण मग उतरायचं स्टेशन आल्याची घोषणा चुकते! तन्मयने तिसरा मार्ग काढला. परतीच्या प्रवासात बड्स डबीत ठेवले आणि खिडकीबाहेर पाहत बसला. साठ टक्क्यांत ऐकू येत नसेल, तर ती जागा ऐकायची नाहीच, असा त्याने स्वतःच नियम केला. गुण : तीन.

सहावी परीक्षा : धाव, घाम, पाऊस

ही चटकन सांगतो. मैदानाला चार फेऱ्या मारल्या, बड्स पडले नाहीत. घामाने बिघडले नाहीत. खोक्यावर आयपीएक्स४ असं लिहिलं होतं. त्याचा अर्थ, शिंतोडे चालतील, बुडवणं चालणार नाही. पोहायला किंवा धो धो पावसात हे न्यायचे नाहीत. चार्जिंग एकदा केलं की साधारण पाच-सहा तास चाललं. फोनवर बोलताना मात्र वाऱ्याचा आवाज पलीकडच्याला फार जायचा. आणि केस मागे सारताना बोट लागलं की गाणं थांबायचं, याने तन्मय वैतागला. गुण : सात.

एक जुनं लाल-केशरी बटण

मित्रांनो, "कानात यंत्र घातलं की माणूस जगापासून तुटतो" ही काळजी काही आजची नाही. १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये सोनीचा पहिला वॉकमन विकायला आला. चालता चालता कॅसेट ऐकायचं यंत्र! तुमच्या आईबाबांना विचारा, ते डोळे मिचकावून सांगतील. कंपनीचे प्रमुख अकिओ मोरिता यांना वाटलं, एकट्यानेच कान बंद करून गाणी ऐकणं हे शेजारच्याला अपमानाचं वाटेल. म्हणून त्या पहिल्या वॉकमनला दोन जणांना ऐकता येईल अशी दोन भोकं ठेवली. आणि वर एक केशरी बटण. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि छोट्या माइकमधून शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं!

गंमत म्हणजे, लोकांना दोघांत मिळून ऐकण्यापेक्षा एकट्याने ऐकणंच आवडलं. पुढच्या यंत्रांतून ते बटण गेलं. आज इतक्या वर्षांनी उघड्या कानांचे बड्स आले, तेव्हा मला त्या केशरी बटणाची आठवण झाली.

पालकांसाठी चार ओळी

आईबाबांनो, विकत घेणार असाल तर एवढं पाहा. शक्यतो मुलाला लावून बघू द्या. प्रत्येकाच्या कानाचा आकार वेगळा असतो. वॉरंटी आणि बिल घ्या. हाडांतून ऐकवण्याचा दावा असेल, तर वर सांगितलेली बोटांची परीक्षा करा. फोनमध्ये आवाजाची कमाल मर्यादा ठरवायची सोय असते का, ते शोधा आणि मुलांच्या बरोबर बसून ती ठरवा. आणि हो, घरात टीव्ही, मिक्सर आणि मोठ्याने बोलणं एकदम चालू असेल, तर मुलगा आवाज वाढवणारच. थोडी शांतता आपणही देऊया.

निकाल

तीन आठवडे संपले. मुक्ताने बेरीज केली. साठांपैकी सदतीस. पास, पण पहिला वर्ग जेमतेम! आईने निकाल दिला : घरात अभ्यासाला चालतील. रस्ता, सायकल आणि रेल्वे, तिन्ही ठिकाणी बंदी. आवाज साठच्या वर नाही.

आणि तन्मयने स्वतःहून एक कलम जोडलं. आजी घरात असताना, आणि घरात दुसरं कोणी नसताना, दर अर्ध्या तासाने उठून तिच्याकडे एक फेरी मारायची. "बड्स उघडे असले तरी काय सांगता येतं," तो म्हणाला. "सायकलची घंटी पण उघड्याच कानांनी चुकली होती ना." ते ऐकून बाथरूमचं दार मी दुसऱ्याच दिवशी सुताराकडून रंधा मारून घेतलं. माझंही थोडं चुकलंच होतं की!

आता एक गंमत सांगू? परवा मी कामावरून घरी आलो, तर आजी स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. कानाला तेच बड्स! तन्मयने तिला कीर्तन लावून दिलं होतं. मी दारातूनच हळूच म्हटलं, "आई, चहा मिळेल का?"

"ऐकलं हो! आणि आधी तो गॅस बंद कर, तिसरी शिट्टी झाली."

तर मग, आज तुम्ही काय कराल? नेहमीचे इअरफोन नेहमीच्या आवाजावर लावा, नेहमीच्या जागी बसा, आणि घरातल्या सगळ्यांत हळू बोलणाऱ्या माणसाला दुसऱ्या खोलीतून एकदाच हाक मारायला सांगा. ऐकू आली का? नसेल, तर आवाज किती कमी केल्यावर ऐकू आली? ते वहीत लिहा आणि आम्हाला जरूर कळवा. आजी-आजोबांनी किती गुण दिले, तेही लिहा हं!